बार्शी लाईट कुणाच्या बापाची?

दोस्तहो, हल्ली बार्शी लाईटच्या नावानं गळे काढायची टूम निघालीय. ती इवलीशी गाडी, तो धूर, ते डुलत डुलत चालणं. पांढरपेशांचे डोळे भरून येतात. रडा लेको. रडून झालं की हिशेब काढू.

1895 ला लंडनमध्ये कंपनी निघाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरनं अडीच फुटी रूळ टाकवले. 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. सव्वातीनशे किलोमीटर. देश 1947 ला सुटला, ही लाईन कंपनीच्या हातून सुटायला 1954 उजाडलं. नवं शतक लागलं आणि रूळ उखडले, एकेका टप्प्यात गाडी बंद. मग 2007 ला लातूर-उस्मानाबाद, 2008 ला थेट कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज सुरू झाली. पुढं मिरजेपर्यंत. अडीच फुटाचे साडेपाच फूट झाले. फिती कापल्या, हार घातले.

संपला त्यांचा इतिहास. त्यात इंजिनाचा नंबर आहे, डब्याचं वजन आहे, साहेबाचं नाव आहे. खडी कुणी फोडली? उन्हात तापलेला रूळ खांद्यावर कुणी वाहिला? त्याचं नाव न्हाई. तो 'मजूर'. बस्स.

बाबासाहेबांनी हे दुखणं 1938 सालीच नेमकं पकडलं होतं. मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. तिथं त्यांनी सांगितलं की आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. पोर्टरसुद्धा होत न्हाई, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि अस्पृश्याचा हात घरात चालत न्हाई. रुळाला चालतो, रांजणाला चालत न्हाई! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, दोन्ही आपले शत्रू, हे त्यांनी तिथंच बजावलं. रेल्वेत हे दोघं एकाच डब्यात बसून प्रवास करतात.

पंढरपूरचंच घ्या. 1906 पासून गाडी वारकऱ्यांना चंद्रभागेकाठी नेत होती. कंपनीला प्रत्येकाच्या तिकिटाचा पैसा गोड. आणि देवळात? चोखोबाची समाधी दाराबाहेर, चोखोबाची जातही दाराबाहेर. 1947 ला साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठं दार उघडलं. 1956 नंतर आम्हाला त्या दाराची गरज उरली न्हाई, ती गोष्ट वेगळी. पण 'रेल्वेनं जात मोडली' असं शाळेत शिकवणाऱ्यांना हे विचारा. रेल्वेनं माणसं एका बाकावर बसवली. बाकावरून उतरलं की गाव होतंच.

1901 सालची गोष्ट. पुणे-मिरज मार्गावरचं मसूर स्टेशन. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर उतरला. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीनं बोलला, 'महार' म्हटल्याबरोबर मागं सरला. बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं कबूल केलं, तरी गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवाला पायी चालणार. जवळ डबा होता, पण पाणी कुणी दिलं न्हाई. रात्र उपाशी काढली.

आता 2016 ला या. लातूर तहानेनं तडफडत होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावलं. मग मिरजेहून 'जलदूत' निघाली. 10 वॅगन, 5 लाख लिटर पाणी, 12 एप्रिलला लातुरात. ह्याच लाईनवरून. रूळ रुंद झाले म्हणून ती गाडी थेट पोचली, हे कबूल. उगाच खोटं कशाला बोला? पण गाडीला हार घालणाऱ्यांनी हे सांगावं की दुष्काळी मुलखात ऊस कुणाच्या रानात उभा होता. टाकीवर पोलीस बसवले, उसाच्या पाटावर कुणी बसवला? ज्याला जमीन न्हाई, विहीर न्हाई, तो रांगेत घागर घेऊन उभा. एकदा मसूरला, एकदा लातुरात.

आणि रुळावरची घाण? 2013 ला हातानं मैला उचलण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात रेल्वेच्या रुळाचं नाव आलं, पण हातमोजे-गमबूट दिले की तो मैला उचलणारा ठरत न्हाई, ही पळवाटही आली. गमबुटानं जात झाकली! पुढं बायो-टॉयलेट बसले. मग झाडू मारणारा, डबे धुणारा कंत्राटदाराच्या हवाली. जुनी कंपनी लंडनला होती, नवी गल्लीत हाय.

तेव्हा मित्रांनो, त्यांच्या हळहळीत सूर मिसळू नका. कुर्डुवाडीला जा, पंढरपूरला जा, लातूरला जा. वस्तीतली म्हातारी माणसं हायेत तोवर विचारून घ्या, रूळ कुणी टाकले, कुणी उखडले, कुणाचा हात गेला, कुणाला पेन्शन मिळाली न्हाई. कंत्राटदाराकडं किती माणसं, कुठल्या जातीची, पगार किती आणि हातात किती, लिहून काढा. ज्यांच्या पाठीवर लाईन उभी राहिली त्यांची यादी झाली पाहिजे. नावं आणा. आम्ही छापतो.