बिलाच्या सॉफ्टवेअरमधला ‘प्लॅन’ आणि पेशंटचा पाय

या ब्लॉगवर मी नेहमी आजारांबद्दल लिहितो. आज बिलाबद्दल लिहिणार आहे. बिलाचा आणि तब्येतीचा काय संबंध, असं मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाटायचं.

तेव्हा आमच्या दवाखान्यात पावतीपुस्तक जाऊन ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर आलं. कंपनीचा तरुण मुलगा लॅपटॉप उघडून म्हणाला, “सर, आधी तुमचे प्रॉडक्ट्स टाकून घेऊ, मग प्लॅन बनवू.” या दोन शब्दांचा अर्थ सोपा आहे. प्रॉडक्ट म्हणजे ज्याचे पैसे घ्यायचे ती गोष्ट: तपासणी, ईसीजी, ड्रेसिंग, इंजेक्शन. तिचं नाव, दर आणि कर भरायचा. प्लॅन म्हणजे ते पैसे कसे घ्यायचे: एकदाच, दर महिन्याला की वर्षाचे एकदम, त्यात किती भेटी, कोणत्या तपासण्या, आणि मुदत संपली की काय करायचं.

हेच सॉफ्टवेअर जिमवाले वापरतात, क्लासवाले वापरतात. त्यांच्यासाठी ते छान आहे. वर्गणी संपली की दार बंद, यात जिमचं काही चुकत नाही. दवाखान्यात मात्र हाच हिशोब घातक ठरू शकतो. तो माझ्याच दवाखान्यात ठरला.

मी मधुमेहाच्या पेशंटसाठी वर्षाचा प्लॅन केला होता. एसटीतून निवृत्त झालेले एक काका त्यात होते. वर्षभर नेमाने आले, साखर चांगली आटोक्यात आली. एप्रिलमध्ये प्लॅन संपला. जुलैच्या शेवटी त्यांचा मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. नव्या चपलेचा अंगठा घासून पायाला जखम झाली होती. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे दुखलं नाही आणि लक्षही गेलं नाही. जखम चिघळली होती. मी जरा चिडूनच विचारलं, “काका, इतके दिवस आला का नाहीत?”

“डॉक्टर, तुमचाच मेसेज आला होता ना, प्लॅन संपला म्हणून. फोनवर नंबर लावायला गेलो तर आधी पैसे भरा म्हणाला. म्हटलं, पोराचा पगार वगैरे बघून भरू न् मगच येऊ.”

पाय वाचला, पण एक बोट काढावं लागलं.

त्या रात्री मी सॉफ्टवेअर उघडून बसलो. ‘मुदत संपल्यावर काय?’ या रकान्यात ‘नूतनीकरण होईपर्यंत नोंदणी थांबवा’ हा पर्याय आधीपासूनच निवडलेला होता. सेटिंग करताना मी तो रकाना वाचलाच नव्हता. तीनशे रुपये देऊन एरवीच्या पेशंटसारखं काकांना कधीही येता आलं असतं. पण ते मेसेजमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. सॉफ्टवेअरने त्याला सांगितलं तेच केलं. सांगायचं काम माझं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दवाखान्याचं दरपत्रक आणि प्लॅन हा हिशोबनिसाचा विषय नाही, तो उपचाराचाच भाग आहे. औषधाची चिठ्ठी जितक्या काळजीने लिहावी, तितक्याच काळजीने डॉक्टरने स्वतः बसून हे रकाने भरले पाहिजेत.

प्लॅन वाईटच असतात, असं मात्र मी म्हणणार नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड हे वर्षानुवर्षं सांभाळायचे आजार आहेत. पैसे आधी भरलेले असले की माणूस तपासणी चुकवत नाही, हे मी पाहिलं आहे. काकाही वर्षभर त्यामुळेच आले होते. प्रश्न प्लॅनमध्ये काय घालायचं आणि कशासाठी, हा आहे.

सॉफ्टवेअरमध्ये तयार नमुने असतात. त्यातल्या मधुमेहाच्या नमुन्यात प्रत्येकाला वर्षातून चार वेळा एचबीए१सी होती. ही तपासणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. साखर आटोक्यात नसेल किंवा औषध बदललं असेल तर ती तीन महिन्यांनी करावी. सगळं स्थिर असेल तर वर्षातून दोनदा पुरते. बी-१२ ची तपासणी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना उपयोगी आहे, सरसकट सगळ्यांना नाही. आणि गंमत म्हणजे वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची, पायाची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, जी खरोखर हवी, त्यातली पहिली दोन नमुन्यात नव्हतीच. पायाकडे बघायला मशीन लागत नाही, म्हणून त्याचा दर नसतो. आणि ज्याचा दर नाही, ते यादीत येत नाही.

‘साठ तपासण्या, अर्ध्या दरात’ अशा पॅकेजबद्दलही सांगतो. बहुतेक रक्ततपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी ठरवलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पाच जण तिच्या बाहेर जातात. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा एखादा तरी आकडा लाल येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. मग त्या लाल आकड्यापायी पुढच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि रात्रीची झोप जाणं. पॅकेज स्वस्त असतं, त्यानंतरचा प्रवास नसतो.

करांचाही एक घोळ झाला. सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या प्रॉडक्टला आपोआप 18 टक्के जीएसटी लावत होतं. पहिल्याच दिवशी तीनशेची तपासणी 354 रुपयांची झाली. आमच्या रिसेप्शनवरच्या ताईंच्या लक्षात आलं म्हणून बरं. डॉक्टरचा सल्ला आणि उपचार यांवर जीएसटी नाही. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया किंवा केशरोपण यांना मात्र ही सूट नाही. तुमच्या साध्या तपासणीच्या बिलावर जीएसटी दिसला तर जरूर विचारा.

आता आमच्याकडे काय बदललं, ते सांगतो. प्लॅन संपला तरी नोंदणी थांबत नाही. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ‘प्लॅन संपला आहे, तपासणी चालूच ठेवा, नेहमीच्या फीमध्ये कधीही या.’ पैसे आपोआप कापून घेणारं नूतनीकरण बंद केलं. दर वर्षी विचारूनच प्लॅन पुढे चालू करतो. दर वाढवायचा असेल तर जुन्या प्लॅनमधला आकडा बदलत नाही, नव्या दराचा वेगळा प्लॅन करतो. ज्यांनी आधी पैसे भरले, त्यांचा करार मधेच बदलणं योग्य नाही. मधेच गाव सोडावं लागलं तर न वापरलेल्या भेटींचे पैसे परत मिळतात. आणि प्लॅनच्या पहिल्या ओळीत, शून्य रुपये दराने, एक प्रॉडक्ट आहे: ‘पाय तपासणी, प्रत्येक भेटीत’. दर शून्य असला तरी ती ओळ बिलावर छापून येते. आली नसेल तर पेशंट विचारतात आणि मला चपला काढायला सांगावंच लागतं.

यात मी काही उपकार केलेले नाहीत. फी उपचाराआधी सांगावी, नंतर नव्हे, हे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे. ‘गुण आला नाही तर पैसे परत’ असा सौदाही तिला मान्य नाही, त्यामुळे ‘गॅरंटीड’ वजन उतरवणाऱ्या प्लॅनची जाहिरात दिसली तर सावध व्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली ऑनलाइन व्यवहारांतल्या 13 फसव्या पद्धतींची यादी जाहीर केली. न विचारता बिलात वस्तू घुसवणं आणि वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करून ठेवणं, या दोन्ही तिच्यात आहेत.

कोणत्याही दवाखान्यात प्लॅन किंवा पॅकेज घेताना तुम्ही एवढं विचारा:

1. यातली प्रत्येक तपासणी माझ्यासाठी का आहे?
2. हेच सुटं घेतलं तर किती पडेल?
3. मुदत संपली तर मला दाखवायला येता येईल ना?
4. पैसे आपोआप कापले जाणार आहेत का, आणि ते बंद कसं करायचं?
5. मधेच सोडलं तर उरलेले पैसे मिळतील का?

विचारायला संकोच करू नका. डॉक्टर रागावतील अशी भीती वाटत असेल, तर माझा अनुभव सांगा. काकांनी एप्रिलमध्ये तिसरा प्रश्न विचारला असता, तर मला माझी चूक तेव्हाच कळली असती.

आणि हो, मधुमेह असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाय उजेडात नीट बघा. बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. त्याला कोणताही प्लॅन लागत नाही.