जागा मोजून वेगळ्या राज्याचा कौल कळत नाही



मागच्या रविवारी मालेगावातल्या आमच्या अभ्यासवर्गात वेगळ्या विदर्भावरून चांगलीच जुंपली. एक तरुण म्हणाला, "लोकांना महाराष्ट्रातून बाहेर पडायचंच असतं, तर विदर्भवादी पक्षांचे उमेदवार असे पडले असते का?" दुसऱ्याचे उत्तर तयार होते, "वेगळ्या विदर्भाची भूमिका घेणाऱ्या भाजपला २०१४ ला तिथे ६२ पैकी ४४ जागा मिळाल्या. हा कौल नाही तर काय?"

दोघेही आपलेच कार्यकर्ते. माझ्या मते दोघेही चुकत होते.

४४ जागा हा वेगळ्या राज्याचा कौल मानला, तर २०१९ चे काय करायचे? तेव्हा भाजप २९ वर आला. पाच वर्षांत १५ मतदारसंघ अखंड महाराष्ट्रवादी झाले का? मतदार कापसाचा भाव, सिंचन, उमेदवाराची जात, दिल्लीची हवा हे सगळे मनात ठेवून एकच बटण दाबतो. त्यातून विदर्भाचा प्रश्न तेवढा वेगळा काढता येत नाही. आणि राज्यकर्त्यांनी तरी तो कौल मानला का? मुख्यमंत्री नागपूरचा, केंद्रात तोच पक्ष, तरी राज्य झाले नाही.

याची परीक्षा शेजारच्या गोव्यात झालेली आहे. १९६३ ला महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि बहुजन समाजातले भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. जनतेने विलीनीकरण मागितले, असे अनेकांनी गृहीत धरले. पण संसदेने स्वतंत्र कायदा करून लोकांना थेट प्रश्न विचारला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. त्यानंतर दोनच महिन्यांत निवडणूक झाली आणि तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला!

गोवेकर गोंधळले होते का? अजिबात नाही. जानेवारीत प्रश्न होता, गोवा कुठे राहील. मार्चमध्ये प्रश्न होता, राज्य कोण करील. शिवाय निवडणुकीत जागा मतदारसंघवार मोजतात, विरोधी मते फुटली की कमी मतांतही जागा निघते. सार्वमतात प्रत्येक मत एकाच ढिगात पडते. स्कॉटलंडमध्येही २०१४ ला ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमधून बाहेर पडायला नकार दिला आणि पुढच्याच वर्षी स्वातंत्र्यवादी पक्षाला ५९ पैकी ५६ जागा दिल्या.

मग आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी काय धरायचे? बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना मराठी भाषकांची एकापेक्षा जास्त राज्ये सुचवली होती. मोठ्या राज्यात एकवटलेल्या बहुसंख्य जातीचे ओझे अल्पसंख्याकांना पेलत नाही, लहान राज्य हे त्यांचे संरक्षण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे प्रश्न केवळ 'किती जणांना हवे' एवढा नाही. नव्या राज्यात सत्ता कोणाच्या हातात जाईल आणि वस्तीतल्या माणसाच्या वाट्याला काय येईल, हाही आहे. याचे उत्तर कुठल्याच निकालाच्या तक्त्यात सापडत नाही.

संविधानाच्या कलम ३ नुसार नवे राज्य संसद करते. त्यात सार्वमताची अट नाही, विधानसभेचे मतही संसदेवर बंधनकारक नाही. म्हणूनच लोकांचे म्हणणे कोण सांगतो याला महत्त्व आहे. जिंकलेला पुढारी 'जनतेने कौल दिला' म्हणतो, हरलेल्याला पाहून दुसरा 'जनतेने नाकारले' म्हणतो. आपल्या माणसाला मात्र कोणी विचारलेलेच नसते.

आपल्या मालेगाव जिल्ह्याच्या मागणीलाही हीच कसोटी लावा. कोण निवडून आला यावरून नाशिक जिल्ह्यातून बाहेर पडायचे की नाही, हे ठरवू नका. वस्तीत जा, बैठक घ्या, तेवढाच एक प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. आपले मत आपणच मोजले नाही, तर दुसरा कोणीतरी ते आपल्या खात्यात धरील.

जय भीम! जय संविधान!