दगडाचं टोक लावलं तरच आदिवासी?

गावागावातल्या भावांनो, बहिणींनो,

मागच्या बैठकीत आपल्याच काही पोरांनी टूम काढली. मोर्चाला निघताना तीराचं लोखंडी पातं काढायचं आणि हातानं घडवलेलं दगडी टोक लावायचं. शिकारही त्यानंच करायची. का? तर "आपण खरे आदिवासी, हे साहेबाला दिसलं पाहिजे."

पोरांचा राग समजतो. दावे तपासायला आलेल्या एका साहेबानं आपल्या म्हाताऱ्याला सुनावलं होतं, "तीराला लोखंड, घराला पत्रा, पोराकडे मोबाईल. मग तू कसला आदिवासी?" ते सगळ्यांना लागलं. पण त्याचं उत्तर दगड नाही.

प्रकाशा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या टेकाडात 1955 साली खोदकाम झालं. खालच्या थरात दगडाची बारीक पाती निघाली, वरच्या थरात लोखंड. म्हणजे या तापीखोऱ्यात माणसानं लोखंड हाती घेतलं, त्याला दोन हजारावर वर्षं झाली. लोखंड घेतलं म्हणून तो परका झाला का?

आपला कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्या चिपेची. पाखराला बोथट टोक, मोठ्या जनावराला लोखंडी पातं. कुठं कोणतं टोक लावायचं हे बापजाद्यांनी जनावर बघून ठरवलं, साहेब बघून नाही.

अमेरिकेत हौशी लोक परवाना काढतात, चकमकीचा दगड फोडून टोक घडवतात, हरणामागं जातात आणि मोटारीनं घरी येतात. त्यांना कुणी विचारत नाही, मोटार कशाला? आपल्याला मात्र 1965 च्या लोकूर समितीनं खुणा लावून दिल्या. त्यातली पहिलीच खूण 'आदिम लक्षणं'. एक खूण बुजरेपणाची! त्या खुणा आता आपणच अंगावर चढवायच्या?

2006 चा वनहक्क कायदा वाचा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे का, हे तो विचारतो. पुराव्याला म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो. बांध, घर, विहीर, मसणवटा, देवाची जागा चालते. तीराचं टोक कशाचं, हे कुठंच विचारलेलं नाही.

उलट त्याच कायद्यानं शिकारीचा हक्क वगळलाय, आणि 1972 चा वन्यजीव कायदा डोक्यावर आहेच. दगडी टोकानं मारलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. केस झाली की कोर्टाच्या चकरा, आणि पट्ट्याचं काम राहिलं बाजूला. शिकारबंदीवर आपल्यालाही बोलायचंय. कोरिया संस्थानच्या राजानं 1947 साली शेवटचे तीन चित्ते बंदुकीनं मारले, आणि जंगल संपवल्याचा ठपका मात्र आपल्यावर! पण ते भांडण ग्रामसभेत ठराव करून उघड लढू. चोरून शिकार करून नाही.

कुणाला दगड घडवायची हौस असेल, जरूर घडवा, लेकरांना शिकवा. हात आपले आहेत. फक्त साहेबाला दाखवायला नको.

एक टोक घडवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एका म्हाताऱ्याचा जबाब लिहून होतो. दगड थांबेल, म्हातारा थांबणार नाही. ज्या गावचे जबाब राहिलेत, त्यांनी पुढच्या ग्रामसभेआधी ते लिहून, अंगठे घेऊन आणावेत.

तीर लोखंडाचाच घेऊन मोर्चाला या. कागदही घेऊन या.

जिंदाबाद!