मान खाली घातलेले फूल



चाकण येथील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. त्यांनी हौसेने आणलेल्या एंजल ट्रम्पेटच्या झाडाला कळ्या धरतात, परंतु उमलण्यापूर्वीच पिवळ्या पडून गळतात. हे झाड निगडी प्राधिकरणातील माझ्या गच्चीवर सहा वर्षांपासून आहे. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर देता येईल. मात्र त्या उत्तरासोबत एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो.

धोतरा आपणा सर्वांना ठाऊक आहे. हे झाड त्याचेच जवळचे नातलग होय. धोतऱ्याचे फूल आकाशाकडे तोंड करून असते; याचे फूल मान खाली घालून, टांगलेल्या कर्ण्यासारखे लोंबते. १७५३ मध्ये लिनियसने याची गणना धोतऱ्यातच केली होती. पुढे १८०५ मध्ये ब्रुगमान्स या डच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला ब्रुगमान्सिया हे स्वतंत्र नाव मिळाले. सुगंध दिवसा फारसा जाणवत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून आपण गच्चीवर येतो, साधारण त्याच वेळी याचा दरवळ सुरू होतो. मूळ प्रदेशात बहुतेक जातींचे परागीभवन रात्री उडणारे पतंग करतात, म्हणून ही वेळ.

आता कळ्यांच्या गळतीविषयी. हे झाड दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या आणि ब्राझीलच्या दमट भागातले. थंड हवा आणि ओलसर माती यांची त्याला सवय. उटीसारख्या ठिकाणी ते सहज फुलते. आपल्याकडील एप्रिल-मेचे ऊन त्याला सोसत नाही. त्या दिवसांत धरलेल्या कळ्या गळणे हा झाडाचा दोष नव्हे. पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंतचे महिने हा त्याचा खरा बहर. त्या काळातही कळ्या गळत असतील तर दोन गोष्टी तपासाव्यात. एखादा दिवस जरी माती पूर्ण कोरडी पडली, तरी झाड प्रथम कळ्यांचा त्याग करते. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली, तरी तेच होते.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे बिकट आहे. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवड शहरात एक दिवसाआड पाणी येऊ लागले, आणि या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. मी डाळ-तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवून देतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र रोज देऊ नये. त्यातील क्षार कुंडीत साचतात आणि पानांच्या कडा करपतात. दुपारी पाने माना टाकतात म्हणून घाईने पाणी ओतू नये. सायंकाळी ती सावरली, तर तो केवळ उन्हाचा परिणाम समजावा. सकाळीही पाने मलूल असतील, तर मातीत बोट घालून पाहावे. कोरडी असेल तर पाणी द्यावे. चिखल असेल तर मुळे कुजत आहेत असे समजून पाणी थांबवावे.

कुंडी किमान सोळा इंचांची, सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागी असावी. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात शेणखत आणि वाळू मिसळावी. झाड खादाड आहे, म्हणून बहराच्या काळात दर पंधरा दिवसांनी थोडे खत द्यावे. खोड वाढून इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगले की त्यानंतरच फुले येतात. म्हणून छाट कलम घ्यायचे असल्यास या दुबेळक्याच्या वरच्या फांदीचे घ्यावे. ते लवकर फुलते.

कोरड्या, धुळीच्या दिवसांत पानांमागे लाल कोळी होतो. आपल्या परिसरात अवजड वाहनांची धूळ पानांवर सतत बसते. कीड झाल्यावर औषध मारताना आपला हात अडखळतो, आणि अडखळावाच. म्हणून धूळ साचू न देणे व झाड तहानलेले न ठेवणे हाच माझा उपाय आहे.

आता इशारा. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात छाटणी करताना मी हाताच्या मागच्या बाजूने उजव्या डोळ्याचा घाम पुसला. काही वेळाने वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागली. सौभाग्यवतींनी पाहिले, तर उजवी बाहुली डावीपेक्षा कितीतरी मोठी! पक्षाघाताच्या भीतीने मुलाने तातडीने डॉक्टरांकडे नेले. तपासणीनंतर त्यांनी विचारले, "काका, आज बागेत काय कापले?" झाडाचा रस डोळ्यात गेला होता. दृष्टी पूर्ववत होण्यास काही दिवस लागले.

या झाडाचे पान, फूल, बी, मूळ, सारे विषारी आहे. धोतऱ्यातील अॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्ये यातही असतात. पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, नाडी जलद होते, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे आणि झाडाची फांदी किंवा छायाचित्र सोबत दाखवावे.

मुलाचा आग्रह होता की झाड उपटून टाकावे. घरात पाच वर्षांची नात आहे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु बँकेत असताना केवळ जोखीम आहे म्हणून आम्ही कर्ज नाकारत नसू. जोखीम लिहून ठेवून, तारण घेऊन, देखरेख ठेवून देत असू. तोच मार्ग मी येथे धरला. कुंडी नातीच्या हाती न लागेल अशा कठड्याआड, कुलूप असलेल्या भागात हलविली. भाज्यांच्या कुंड्या दूर नेल्या. छाटणी हातमोजे घालूनच करतो. घरातील प्रत्येकास, कामाला येणाऱ्या मावशींना आणि शेजाऱ्यांना झाडाचा स्वभाव सांगितला. छाटलेल्या फांद्या गाईपुढे जाणार नाहीत, याची खात्री स्वतः करतो. आपल्या अजाणतेपणाने मुक्या जिवाचा घात व्हावा, याहून मोठा तोटा नाही. ज्या घरी एवढी देखरेख शक्य नसेल, रांगते मूल असेल, त्यांनी हे झाड लावू नये, हेच माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मला झाड ठेवण्याकडे ओढत होती. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या नोंदीनुसार याच्या सर्व जाती रानातून नामशेष झाल्या आहेत. याला आता स्वतःचे अरण्य उरलेले नाही. ते जगते ते माणसांनी लावले म्हणून. आश्रयाला आलेल्याची निगा राखावी आणि त्याच्यापासून घरच्यांनाही जपावे, ही दोन्ही कामे गृहस्थाचीच आहेत.

चाकणच्या भगिनींनी कुंडी एका जागी स्थिर ठेवावी, माती ओलसर राखावी आणि पावसाळा सरेपर्यंत धीर धरावा. फुले येतील. तोवर हातमोजे मात्र आजच आणावेत.