बॉल झेलणारा माणूस

टॉम हाऊस हे नाव बहुतेक तुम्ही ऐकलं नसेल. हरकत नाही! अमेरिकेतही कितीतरी वर्षं लोक त्याला एका कॅचसाठीच ओळखायचे. ८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक एरनने ७१५ वा होमरन ठोकला आणि बेब रूथचा विक्रम मोडला. बॉल गेला थेट ब्रेव्हजच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर हात मोकळे करतात तिथे. हाऊसने तो झेलला आणि धावत जाऊन एरनला नेऊन दिला. एरनची आई तेव्हा लेकाला घट्ट मिठी मारून उभी होती.

बाकी पिचर म्हणून साहेब ठीकठाकच. डावखुरा, पण बॉलला वेग नाही. १९७१ ते १९७८, तीन टीम्स, २९ विजय, २३ पराभव. आपल्या भाषेत, दर अप्रेझलला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. आणि या माणसाने वेगासाठी काय करावं? स्टेरॉइड्स! २००५ मध्ये त्याने स्वतःच हे सांगून टाकलं, वर 'मी एकटा नव्हतो' हेही. वजन वाढलं, गुडघे कुरकुरले, बॉल मात्र होता तेवढाच स्लो.

मला विचाराल तर कोच इथे तयार झाला. ज्याला आपोआप जमतं, तो 'कसं जमतं?' असं कशाला विचारेल? हाऊसने विचारलं. सायकॉलॉजीत पीएचडी केली, १९८५ मध्ये टेक्सस रेंजर्सचा पिचिंग कोच झाला आणि पिचर्सच्या हातात दिला चक्क अमेरिकन फुटबॉल. तो लांबोडका बॉल सरळ गिरक्या घेत गेला तर फेक बरोबर, डगमगला तर गडबड. लोकांनी यथेच्छ टिंगल केली.

मग १९८९ मध्ये तिथे आला नोलन रायन. वय ४२, खेळाडू रिटायर होऊन गोल्फ खेळतात ते वय. हा बाबा निमूटपणे फुटबॉल फेकू लागला. त्या सीझनमध्ये त्याने ३०१ बॅटर्सना स्ट्राइकआउट केलं. १९९० आणि १९९१ मध्ये एकेक नो-हिटर, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही. आता रायन मुळातच रायन, त्यात कोचचं क्रेडिट किती, यावर खुशाल भांडा.

आपला संबंध येतो २००८ मध्ये. 'मिलियन डॉलर आर्म' या रिॲलिटी शोने भारतभर हात शोधले. त्यातून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. बेसबॉल कशाशी खातात हेही ठाऊक नाही. त्यांना लॉस एंजेलिसला हाऊसच्या ताब्यात दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं! मेजर लीगपर्यंत मात्र दोघंही पोचले नाहीत. रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरला. डिस्नीच्या २०१४ च्या सिनेमात हे सगळं जरा गोड करून दाखवलंय, बघा वाटल्यास. त्यात बिल पॅक्स्टन हाऊस झालाय.

आणि हो, तो फुटबॉल. पुढे हाऊसकडे थ्रो सुधारून घ्यायला कोण कोण आलं? ड्रू ब्रीज, टॉम ब्रेडी. अमेरिकन फुटबॉलमधले दोन बाप क्वार्टरबॅक!