सातबारा कोणाच्या नावावर? ओपनऑफिसच्या फाळणीचा धडा

१/१३ 🧵
२८ सप्टेंबर २०१० रोजी जगभरातील काही प्रोग्रॅमर, अनुवादक आणि स्वयंसेवकांनी एक विलक्षण घोषणा केली. दहा वर्षे खपून वाढवलेले सॉफ्टवेअर ते आपल्याबरोबर नेत होते. त्याचे नाव मात्र त्यांना मागे सोडावे लागत होते. ओपनऑफिसमधून लिबरऑफिस जन्मले ते त्या दिवशी. कंपनीचा पैसा, स्वयंसेवकांचे श्रम आणि दोहोंमधील विश्वास यांचा हा इतिहास.

२/१३
आरंभ जर्मनीत झाला. स्टारडिव्हिजन नावाच्या कंपनीचे 'स्टारऑफिस' हे कार्यालयीन सॉफ्टवेअर होते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००० मध्ये स्टारऑफिसचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची मक्तेदारी असलेल्या काळात हे पाऊल धाडसाचे होते.

३/१३
प्रतिसाद मोठा मिळाला. मुख्य अभियंते सनच्या पगारावर होते. पण भाषांतर, चाचण्या, दोषनिवारण आणि प्रचार यांचा भार देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी उचलला. ज्या भाषांकडे मोठ्या कंपन्या बाजारपेठ म्हणून पाहत नव्हत्या, त्या भाषांतही हे सॉफ्टवेअर बोलू लागले. शेत अनेकांनी कसले. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न त्या उत्साहात फारसा कोणी विचारला नाही.

४/१३
सातबारा सनच्याच नावावर होता. 'ओपनऑफिस' या नावाचा ट्रेडमार्क सनचा, सर्व्हर सनचे. शिवाय कोड देणाऱ्याला आपल्या कामाच्या स्वामित्वहक्कात सनला भागीदार करून घ्यावे लागे. त्यामुळे तोच कोड बंदिस्त परवान्याखाली विकण्याची मुभा सनला मिळे. इतर कोणाला ती नव्हती. प्रकल्पासाठी स्वतंत्र फाउंडेशन स्थापन करण्याचे वचन आरंभीच दिले गेले होते. दहा वर्षांत ते पाळले गेले नाही.

५/१३
कुरबुरी होत्याच. नोव्हेलच्या अभियंत्यांनी आपल्या सुधारणांची वेगळी आवृत्तीही चालवली. तरीही बहुतेकांनी सनवर विश्वास ठेवला, आणि त्याला कारण होते. सनने २००५ मध्ये सोलारिस ही आपली ऑपरेटिंग सिस्टिम 'ओपनसोलारिस' म्हणून खुली केली; २००६ मध्ये जावा मुक्त परवान्याखाली आणण्याची घोषणा केली. मालक भला होता. भल्या मालकाकडे कागद मागणे अनेकांना अप्रशस्त वाटते.

६/१३
पण कंपनी अमर नसते. २००८ मध्ये १०० कोटी डॉलर मोजून मायएसक्यूएल हा मुक्त डेटाबेस विकत घेणारी सन त्याच सुमारास आर्थिक संकटात सापडली. २० एप्रिल २००९ रोजी ओरॅकलने सुमारे ७४० कोटी डॉलरना सन विकत घेण्याची घोषणा केली. जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. जमीन विकली गेली. कसणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

७/१३
पहिला घाव ओपनसोलारिसवर पडला. नव्या मालकाकडून महिनोन्‌महिने उत्तर येईना. अखेर प्रकल्पाच्या संचालक मंडळाने ओरॅकलला मुदत दिली. तीही उलटली, आणि २३ ऑगस्ट २०१० रोजी मंडळाने स्वतःलाच विसर्जित केले. खुला झालेला कोड परत बंद करता येत नाही, म्हणून 'इल्युमॉस' या नावाने तो जगला. ओरॅकलमधील पुढचे काम मात्र बंद दाराआड गेले.

८/१३
दुसरे उदाहरण हडसनचे. सनमध्ये असताना कोसुके कावागुची यांनी लिहिलेले हे साधन प्रोग्रॅमरांमध्ये लोकप्रिय होते. प्रकल्प दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्यावरून वाद पेटला, तेव्हा ओरॅकलने नावावर हक्क सांगितला. जानेवारी २०११ मध्ये समुदायाने मतदान घेतले: नाव बदलावे या बाजूने २१४ मते, विरोधात १४. 'जेनकिन्स' हे नाव तेव्हाचे. हडसन पुढे विस्मरणात गेले.

९/१३
ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांना वारा कोणत्या दिशेने वाहतो हे कळले होते. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केले. ओरॅकललाही सामील होण्याचे निमंत्रण दिले आणि मूळ नाव दान करण्याची विनंती केली. 'लिबरऑफिस' हे तोवरचे तात्पुरते नाव होते. उत्तर काही आठवड्यांत आले: नव्या संस्थेत असलेल्यांनी ओपनऑफिसच्या परिषदेतून बाहेर पडावे. तात्पुरते नाव कायमचे झाले.

१०/१३
जानेवारी २०११ मध्ये लिबरऑफिसची पहिली स्थिर आवृत्ती आली. संस्थेच्या भांडवलासाठी हाक दिली, तेव्हा ५० हजार युरो अवघ्या आठ दिवसांत जमले. फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्लिनमध्ये फाउंडेशनची रीतसर स्थापना झाली. ओरॅकलने जून २०११ मध्ये ओपनऑफिस अपाची फाउंडेशनच्या स्वाधीन केले खरे, पण तोवर कसणारे हात दुसऱ्या शेतात गेले होते. २०१६ मध्ये तर प्रकल्प बंद करावा काय, याचीच तेथे उघड चर्चा झाली.

११/१३
या कथेत ओरॅकलला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ओरॅकलने जे वापरले ते विकत घेतलेले कायदेशीर हक्क होते. खरी चूक २०१० मधील नव्हे, २००० मधील. मालक भला असताना, संबंध गोड असताना जे लिहून घ्यायला हवे होते, ते घेतले नाही. सद्भावना कंपनीच्या माणसांत असते. हक्क कंपनीच्या कागदांत असतात. कंपनी विकली जाते तेव्हा कागद हस्तांतरित होतात, सद्भावना होत नाही.

१२/१३
मग कंपन्यांचा पैसाच नको काय? तसेही नाही. लिनक्स कर्नलवरील बहुतांश काम आज कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. त्यांत ओरॅकलचेही आहेत. तरी लिनक्स कोणा एका कंपनीला विकत घेता येत नाही. कारण त्याचे स्वामित्वहक्क हजारो योगदानकर्त्यांत विखुरलेले आहेत आणि 'लिनक्स' हा ट्रेडमार्क लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे आहे. पैसा अनेकांचा, सातबारा कोणा एका कंपनीचा नाही. म्हणूनच प्रतिस्पर्धी कंपन्याही तेथे एकत्र राबतात.

१३/१३
फाउंडेशन म्हणजे जादूची कांडी नव्हे. अपाचीकडे जाऊनही ओपनऑफिस क्षीण झालेच. पण लिबरऑफिस उभे राहिले ते मुक्त परवान्यामुळे. परवान्याने कोड वाचवला. नाव, घर आणि एकोपा तो वाचवू शकला नाही. एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाला आपले श्रम देऊ पाहणाऱ्या तरुणाने म्हणूनच परवान्यापाशी थांबू नये. नाव कोणाचे, स्वामित्वहक्क कोणाकडे, आणि उद्या मालक बदलला तर निर्णय कोण घेणार, हे तीन प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारावेत. तो अविश्वास नव्हे. विश्वास टिकावा म्हणून केलेली ती तजवीज आहे.