सोने संपले, माणसे उरली



‘खनिज संपले की खाण बंद. हा निसर्गाचा नियम. त्याला सरकार काय करणार?’ कोलारच्या सोन्याच्या खाणींबद्दल हे आम्ही फार ऐकले. तेव्हा आता निसर्गाचीच साक्ष काढू.

निसर्गाने काय केले? सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी, जुन्या लाव्ह्याचा खडक जमिनीच्या पोटात दाबला जाऊन भेगाळला. खोलवरचे तप्त पाणी विरघळलेले सोने घेऊन त्या भेगांतून वर चढले. दाब उतरला, पाणी निवले, आणि गारेबरोबर सोने भेगांत साकळले. पुढे कोट्यवधी वर्षे वरचा खडक ऊन-पावसाने झिजला, तेव्हा ती शीर माणसाच्या हाती लागली. उसाला खोडवा येतो. सोन्याच्या शिरेला येत नाही.

म्हणजे 1880 च्या सुमारास ब्रिटिश कंपनीने कोलारला खोदाई सुरू केली, त्याच दिवशी खाणीचा शेवट ठरलेला होता. कामगार तीन किलोमीटरहून खोल उतरले. सुमारे 800 टन सोने वर आले. आधी कंपनीने, नंतर सरकारने ते नेले. 28 फेब्रुवारी 2001 ला टाळे लागले. आम्ही विचारतो, जो शेवट 120 वर्षे आधी ठाऊक होता, त्याची तयारी कोणी केली? सोने घडवणे निसर्गाचे काम. कामगाराला वाऱ्यावर सोडणे हा निसर्गाचा नियम नव्हे, तो माणसांचा निर्णय आहे.

आम्ही रेल्वेवाले त्याचा परिणाम रोज पाहतो. मारिकुप्पमची लाईन 1894 साली खाणींसाठी टाकली. आज त्याच लाईनवरून खाण कामगारांची मुले पहाटेच्या खच्चून भरलेल्या गाडीने बेंगळूरला मजुरीला जातात. मागे उरल्या सायनाईडच्या मातीच्या टेकड्या. त्यांतले उरलेसुरले सोने काढण्यास 2024 साली कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. मातीला दुसरी संधी मिळते, माणसाला का नाही?

आमची मागणी साधी आहे. टेकड्यांवरच्या कामात पहिला हक्क कोलारच्या कुटुंबांचा. आणि बैलाडिलाचे लोखंड असो वा भंडाऱ्याचे मँगनीज, पहिल्या टनापासून कामगारांच्या नावे निधी बाजूला पडलाच पाहिजे. खनिज पुन्हा येणार नाही, म्हणूनच त्याचा हिशेब आज हवा!